गवत, घाम आणि सुट्टी : आल्प्समधले मोंटाफोन खोरे

आल्प्स पर्वत आपल्या घराघरांत पोचला तो सिनेमातून. हिरव्यागार उतारावरून नायक-नायिका धावताहेत, मागे बर्फाची शिखरे, मध्येच गळ्यात घंटा बांधलेली एखादी गाय. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटाने तर स्वित्झर्लंडचे ते गवत आपल्या वस्त्यांतल्या पोराबाळांनाही पाठ करून टाकले. पण हे गवत कापते कोण? इतक्या उभ्या उतारावर झाडेझुडपे न वाढता ते गालिच्यासारखे राहते कसे? पडद्यावर हा प्रश्न कोणाला पडत नाही. गेल्या उन्हाळ्यात ते गवत स्वतःच्या हातांनी ओढण्याचा योग आला, तेव्हा आम्हांला त्याचे उत्तर मिळाले.

आम्ही गेलो होतो ते खोरे स्वित्झर्लंडच्या सरहद्दीला अगदी लागून आहे, पण देश ऑस्ट्रिया. त्या देशाच्या पश्चिम टोकाला फोरार्लबर्ग नावाचा छोटा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण भागात इल नदीच्या काठाने सुमारे ३९ किलोमीटर लांबीचे हे मोंटाफोन खोरे पसरले आहे. खोऱ्याच्या वरच्या टोकाला सिल्व्रेटाची रांग आहे. तिच्यातले पिझ बुइन हे शिखर ३,३१२ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून थोडे जास्तच! श्रुन्स हे खोऱ्यातले मुख्य गाव. चागुन्स, गाशुर्न, पार्टेनेन, गारगेलेन ही नावे जर्मन वाटत नाहीत, कारण ती जर्मन नाहीतच. इथे पूर्वी रोमान्श भाषा बोलली जात असे. चौदाव्या शतकात वाल्सर नावाचे जर्मन बोलणारे डोंगरी लोक येऊन वसले. एकाला दगडाचे बांधकाम येत होते, दुसऱ्याला लाकडाचे. म्हणून इथली जुनी घरे अर्धी दगडी, अर्धी लाकडी दिसतात. भाषा गेली, पण भिंत राहिली.

आमचे चिरंजीव दक्षिण जर्मनीत रावेन्सबुर्गजवळच्या एका कारखान्यात नोकरी करतात. सूनबाई आणि आठ वर्षांची नातही तिकडेच. आम्ही उभयतांनी लोअर परळच्या चाळीत संसार केला. गिरणीच्या भोंग्यावर उठलो, भोंग्यावर जेवलो. आमच्या पिढीची सुट्टी म्हणजे एस. टी. धरून गावी जायचे आणि पावसाआधी घर शाकारून द्यायचे. त्यामुळे सूनबाई म्हणाल्या, "आई, बाबा, यंदा आपण ॲक्टिव्ह सुट्टी घ्यायची, नुसते बसायचे नाही," तेव्हा आम्हांला हसू आले. नुसते बसायची सुट्टी आम्ही कधी पाहिली होती?

रावेन्सबुर्गहून आगगाडी फ्रीडरिशहाफेनला जाते, तेथून बोडेनझे सरोवराच्या काठाने लिंडाउ, मग ऑस्ट्रियातले ब्रेगेन्झ, फेल्डकिर्श आणि ब्लुडेन्झ. ब्लुडेन्झ हे जुने गिरणीगाव. तिथली गेट्झनर कंपनी १८१८ सालची, आणि आजही कापड विणते आहे. गिरणगावातल्या माणसाने हे ऐकून काय वाटून घ्यावे ते वाचकांनीच ठरवावे! १९६४ साली ऑस्ट्रियाने तुर्कस्तानाशी कामगार आणण्याचा करार केला. तेव्हापासून या भागातल्या गिरण्यांत तुर्की माणसे आली, आता त्यांची नातवंडे इथली झाली आहेत. ब्लुडेन्झला आम्ही छोट्या मोंटाफोन रेल्वेत बसलो. ही गाडी १९०५ पासून धावते आणि तेरा किलोमीटरही न भरणारा तिचा मार्ग श्रुन्सला संपतो. सकाळी निघालो आणि जेवणाच्या वेळेला पोचलो.

हीच वाट एके काळी लहान मुले पायी तुडवीत होती, तीही उलट दिशेने. ही हकीकत आम्हांला निघण्याआधीच ठाऊक झाली होती, कारण रावेन्सबुर्गजवळच वोल्फेग येथे जुन्या शेतकरी-घरांचे संग्रहालय आहे आणि तिथे या मुलांवर एक मोठे प्रदर्शन मांडले आहे. त्यांना 'श्वाबेनकिंडर' म्हणत, म्हणजे श्वाबेनला जाणारी मुले. श्वाबेन हा जर्मनीतला सुपीक, मोठ्या शेतांचा मुलूख. मोंटाफोन, शेजारचे टायरोल आणि स्वित्झर्लंडचे ग्राउब्युन्डेन इथे मात्र खडकाळ जमीन आणि लांबलचक हिवाळा. त्यातच या भागात वडिलांची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची रीत होती. पिढ्यान्‌पिढ्या तुकड्यांचे तुकडे पडले. शेवटी घरात खाणारी तोंडे जास्त आणि वावर हातरुमालाएवढे, अशी गत झाली. मग मार्च महिन्यात, १९ तारखेच्या संत जोसेफच्या सणाच्या सुमारास, खिंडींत अजून बर्फ असतानाच मुलांचे जथे निघत. वय साधारण आठ ते चौदा, काही त्याहूनही लहान. सोबत एखादा पाद्री नाही तर वडीलधारा माणूस. दिवसचे दिवस चालायचे, रात्री कोणाच्या गोठ्यात अंग टाकायचे.

रावेन्सबुर्गला आणि फ्रीडरिशहाफेनला या मुलांचा बाजार भरे. बाजार हा शब्द आम्ही पदरचा घालत नाही, तो तिकडच्याच भाषेतला आहे. शेतमालक येत, पोराचे दंड चाचपून पाहत, घासाघीस करून घेऊन जात. मुलगा असेल तर गुरे राखायची. मुलगी असेल तर स्वयंपाकघरात राबायचे आणि मालकाचे तान्हे सांभाळायचे. नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या दिवसाच्या आसपास, सुटका. मोबदला काय? कपड्यांचे दोन जोड, एक बूट आणि थोडे पैसे. आई-बापाचा खरा फायदा निराळाच होता : सात-आठ महिने घरात एक भाकरी कमी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दर साली काही हजार मुले अशी जात असत. १८८४ साली आर्लबर्गचा रेल्वेबोगदा सुरू झाला, तेव्हा टायरोलची मुले खिंड चढण्याऐवजी गाडीने बाजारात जाऊ लागली. सुधारणा झाली ती एवढीच!

आता यातली सर्वांत झोंबणारी गोष्ट. ज्या व्युर्टेम्बर्ग राज्यात ही मुले राबत, तिथे १८३६ पासून शाळा सक्तीची होती. मालकाची मुले शाळेत जात. परदेशी मुलांना मात्र तो कायदा लागू नव्हता. त्याच अंगणातली, त्याच वयाची दोन मुले, एकाच्या हातात पाटी आणि दुसऱ्याच्या हातात गुरांची काठी. १९०८ च्या सुमारास अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी या बाजाराचा बोभाटा केला. १९१५ मध्ये फ्रीडरिशहाफेनचा बाजार बंद झाला. पण प्रथा खऱ्या अर्थाने मोडली ती १९२१ साली, शाळेची सक्ती परदेशी मुलांनाही लागू झाल्यावर. मुलांना शाळेत पाठवायचे म्हटल्यावर मालकांना त्यांची गरज उरली नाही.

आम्ही ज्या घरी उतरलो ते श्रुन्सच्या वरच्या अंगाला, बार्थोलोमेबर्गच्या उतारावर होते. शेतकऱ्याचेच घर, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. खोलीला चूल-भांडी होती, त्यामुळे आमचे वरणभाताचे चालले. घरात ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा आठवडाभर वीज कंपनीत नोकरी करतो, शेती संध्याकाळी आणि रविवारी. या खोऱ्यात निव्वळ शेतीवर जगणारे आता थोडेच. नोकरी, गाई आणि पाहुणे असा तीन पायांचा संसार असतो.

दुसऱ्याच दिवशी सकाळी खालून धातूवर हातोडी पडल्याचा टकटक आवाज आला. खिडकीतून पाहतो तर आजीबाईंचा मुलगा लांब दांड्याच्या भल्यामोठ्या विळ्याचे पाते ठोकून पातळ करीत होता. सपाटीला यंत्र चालते. पण जिथे उभे राहायलाही जागा नाही, तिथे आजही हातानेच कापावे लागते. दंव असतानाच कापायचे, कारण ओले गवत पात्याला धरते. कमरेला गाईच्या शिंगाची पोकळ नळी, तिच्यात पाणी आणि धारेचा दगड. दहा-बारा हात कापले की थांबून दगड फिरवायचा. मग ऊन तापल्यावर कापलेले पसरायचे, उलटायचे, पुन्हा उलटायचे आणि संध्याकाळी लाकडी दाताळ्याने ओळीत ओढून घ्यायचे. पाऊस आला तर दोन दिवसांचे काम वाया. पूर्वी लाकडी खुंट्या ठोकलेल्या खांबांवर गवत टांगून वाळवीत. अगदी उंचावरचे गवत तर तिथेच साठवून हिवाळ्यात बर्फावरून घसरगाडीने खाली आणीत. त्या गाडीखाली माणसे मेल्याच्या गोष्टी खोऱ्यात अजून सांगतात.

आम्ही दाताळी मागून घेतली. पाहुण्यांनी काम करू नये म्हणून आजीबाई प्रथम नको-नको म्हणाल्या. पण आमच्या सौभाग्यवतींनी पदर खोचला आणि पहिली ओळ ओढून दाखवली, तेव्हा त्या गप्प बसल्या. उतारावर पाय आडवा टाकायचा, वरचा गुडघा वाकवायचा, हे कोकणच्या वरकस रानात वाढलेल्या बाईला शिकवावे लागत नाही. चिरंजीवांना मात्र दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना. नातीने विचारले, "आजी, तुझे पाय का नाही दुखत?" सौभाग्यवती म्हणाल्या, "दुखतात गं बाई, पण त्यांना सवय आहे."

उतारावर बसून चहा पिताना आजीबाईंनी सूनबाईंमार्फत आम्हांला गवताचे गणित समजावले. दोन-चार वर्षे कापले नाही तर झुडपे येतात, मग जंगल. शिवाय न कापलेले लांब गवत हिवाळ्यात आडवे पडते आणि त्यावरून बर्फ घसरतो. १९५४ च्या जानेवारीत फोरार्लबर्ग प्रांतात हिमलोट कोसळून शंभरावर माणसे गेली, मोंटाफोनमधली घरेही त्यात गाडली गेली. म्हणून वरचे रान राखायचे आणि खालचे गवत कापायचे, हा इथला जगण्याचा नियम. आज अशा उतारांवर गवत कापण्यासाठी सरकार शेतकऱ्यांना पैसे देते. काही जण याला खैरात म्हणतात. आम्हांला तसे वाटले नाही. सगळा पर्यटनधंदा ज्या हिरवळीवर उभा आहे, ती राखणाऱ्याला मजुरी मिळते, इतकेच.

बोलता बोलता आजीबाईंनी सांगितले की त्यांचे आजोबा नवव्या वर्षी श्वाबेनला गेले होते. नोव्हेंबरात मिळालेले नवे बूट झिजू नयेत म्हणून गळ्यात अडकवून, जुन्याच फाटक्या बुटांनी ते घरापर्यंत चालत आले. सूनबाई हे भाषांतर करताना मध्येच थांबल्या. त्यांचे स्वतःचे वडील सालगड्याचे मुलगे.

खोऱ्यातली पुरुषमाणसेही वर्षानुवर्षे बाहेर जात. कोणी उन्हाळ्यात गवंडीकामाला. शरद ऋतूत पाठीला मोठी खवणी बांधून घरोघरी कोबी किसून देणारे तर मोंटाफोनचेच म्हणून ओळखले जात. पुरुष परगावी, मुले श्वाबेनला. मागे गाई, गवत आणि म्हातारी माणसे सांभाळायची ती बाईने. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत राहिलेल्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

खाण्याविषयी थोडे सांगतो. इथले जुने चीज 'सुरा केस'. सुरा म्हणजे आंबट आणि केस म्हणजे चीज, पण मराठी कानाला भलताच अर्थ लागतो, त्यामुळे आमची नात हसून हसून बेजार झाली. साय काढून तिचे लोणी करायचे आणि ते विकायचे, कारण पैसा लोण्यातच. उरलेले पातळ दूध आपोआप आंबवून, कोमट करून, निथळून त्याचे हे चीज होते. वासराच्या पोटातले विरजण त्याला लागत नाही. आपला चक्का आणि हे चुलत भावंडेच म्हणा. गरिबाच्या ताटातला हा पदार्थ आता हॉटेलात दिमाखाने वाढतात. वास मात्र दणदणीत! पिठाच्या उकडलेल्या बारीक गोळ्यांवर चीज आणि तळलेला कांदा घालून करतात तो पदार्थ आम्हांला जास्त रुचला.

गवताचे काम आटोपल्यावर चार दिवस चालणे केले. रस्त्यांच्या खुणा उत्तम आहेत. पिवळा-पांढरा पट्टा असेल तर सोपी वाट, पांढरा-लाल-पांढरा असेल तर डोंगरवाट, आणि पांढरा-निळा-पांढरा दिसला की आपण मागे फिरावे. पाटीवर अंतर नसते, वेळ असतो. चागुन्सच्या वरच्या लाटशाउ वाडीहून गाउअरताल या दरीतून लिंडाउअर हुट्टे या डोंगरी विश्रामगृहापर्यंत (उंची १,७४४ मीटर) आम्ही सावकाश तीन तासांत गेलो. वाटेत 'मायसेस' लागतात. वसंतात गावातून गुरे आधी या मधल्या वाडीत येतात, मग कडक उन्हाळ्यात आणखी वरच्या कुरणात, आणि उतरताना पुन्हा इथे. एका संसाराची तीन घरे. विश्रामगृहाशेजारी १९०७ पासूनची डोंगरी फुलांची बाग आहे, आणि समोर चुनखडीचे तीन उंच सुळके.

आल्प्समध्ये अशी शेकडो विश्रामगृहे आहेत. पावसात सापडलेल्या कोणालाही तिथे आसरा मिळावा ही त्यांची कल्पना. पण इतिहास पाहिला तर ती दारेही सर्वांना उघडी नव्हती. १९२१ साली आल्पाइन क्लबच्या व्हिएन्नातल्या एका मोठ्या शाखेने ज्यूंना सभासदत्व नाकारले. ज्यू आणि त्यांच्या मित्रांनी 'डोनाउलांड' ही वेगळी शाखा काढली, तर १९२४ मध्ये क्लबने ती शाखाच बाहेर काढली. ज्यूंनी येऊ नये अशा पाट्या विश्रामगृहांवर लागल्या. हिटलर ऑस्ट्रियात येण्याच्या चौदा वर्षे आधीची ही गोष्ट. दोन हजार मीटर उंचीवर, गारपिटीत, दारात उभ्या असलेल्या माणसाची आधी जात विचारायची!

दुसरा प्रश्न होता पैशाचा आणि वेळेचा. डोंगर चढणे हा तेव्हा साहेबलोकांचा छंद होता. १८९५ साली व्हिएन्नात गेओर्ग श्मीडल नावाच्या शिक्षकाने कामगारांच्या वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली की निसर्गाची आवड असणाऱ्यांनी एकत्र यावे. त्यातून 'नाटुअरफ्रॉइंडे', म्हणजे निसर्गमित्र, ही कामगारांची संघटना उभी राहिली. संस्थापकांत अलोइस रोहराउअर हे लोहारकाम करणारे होते, आणि कार्ल रेनर हे विद्यार्थी पुढे ऑस्ट्रियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. रविवारी कामगार बायकामुलांसह डोंगरात जाऊ लागले, वर्गणीतून त्यांनी स्वतःची विश्रामगृहे बांधली. १९३४ मध्ये सरकारने संघटनेवर बंदी घातली, ती १९४५ नंतर पुन्हा उभी राहिली. आणि १९१९ साली ऑस्ट्रियात कायदा झाला : एक वर्ष नोकरी झालेल्या कामगाराला एक आठवडा पगारी सुट्टी, पाच वर्षे झालेल्याला दोन. आपल्याकडे कारखान्यातल्या कामगाराला पगारी सुट्टी देणारा कायदा १९४५ साली झाला, तेव्हा सरकारात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. गिरणीत आम्ही भरपगारी रजेचा अर्ज भरत होतो, तेव्हा हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

श्रुन्समध्ये हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाची फार कौतुके. १९२४-२५ आणि १९२५-२६ चे हिवाळे तो इथे होता. त्याच्या हॉटेलापुढे लोक फोटो काढतात. खोऱ्याच्या वरच्या टोकाला सिल्व्रेटाचे मोठे धरण आहे, त्याचेही फोटो सुंदर येतात. नाझी राजवटीत त्या धरणावर युद्धकैदी आणि परदेशांतून पकडून आणलेले मजूर राबवले गेले, हे फोटोत दिसत नाही. आजचे हॉटेलातले काम करणारे कोण, तर श्रुन्सला ज्या बाई बसथांब्यावर रोज भेटत त्या हंगेरीच्या होत्या, खोल्या झाडण्याच्या कामावर. त्यांची मुले आजीकडे, गावी.

शेवटच्या दिवशी गारगेलेनला गेलो. १,४२३ मीटरवरचे हे लहानसे गाव स्वित्झर्लंडच्या सरहद्दीला टेकलेले आहे. पूर्वी इथून कॉफी-तंबाखूची चोरटी ने-आण चाले. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. दुसऱ्याच दिवशी, १३ तारखेला, युरा सोयफर हा पंचवीस वर्षांचा कवी-नाटककार मित्रासोबत बर्फावर स्की लावून सरहद्दीकडे निघाला. ज्यू आणि त्यातून कामगारांच्या बाजूने लिहिणारा. गारगेलेनजवळ पहाऱ्यावरच्या शिपायांनी अडवले. झडतीत माशांचा एक डबा निघाला. तो ज्या कागदात गुंडाळला होता तो कामगार संघटनेच्या वर्तमानपत्राचा होता. तेवढ्यावरून अटक झाली. आधी डाखाउ, मग बुखेनवाल्डची छळछावणी. फेब्रुवारी १९३९ मध्ये विषमज्वरासारख्या साथीने तो तिथेच गेला. वय सव्वीस.

आम्ही पाळण्यातून वरच्या टप्प्यापर्यंत गेलो आणि तिथून रमतगमत सांक्ट आन्टोनियर खिंडीत पोचलो. उंची सुमारे २,३८० मीटर. वारा असा की टोप्या हाताने धरून ठेवाव्या लागत होत्या. खिंडीत सरहद्दीचा दगड आहे, पण चौकी नाही, शिपाई नाही. नातीने एक पाय ऑस्ट्रियात, एक पाय स्वित्झर्लंडमध्ये ठेवला आणि डबा मागितला. चपातीची गुंडाळी खाऊन झाल्यावर आम्ही पासपोर्ट खिशात आहेत ना ते पुन्हा एकदा चाचपून पाहिले, आणि दुपारच्या पाळण्याची वेळ गाठायला उतरू लागलो.